ओ निगेटिव्ह

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमची कंपनी सिक्कीममध्ये होती. मी हवालदार. माझ्या प्लाटूनमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले आणखी दोघे होते. नाईक दत्ताराम गुहागरकडचा आणि लान्स नाईक गणपत दाभोळचा. तिघांची पोस्ट एक आणि रजाही बहुधा एकत्रच.

दत्ताराम कोर्स करून परतताना ट्रान्झिट कॅम्पमध्ये अडकला. तिथे सोबत्यांच्या नादाने तो एका बाईकडे गेला. आयुष्यात एकदाच. निरोध वापरला होता. पाचदहा मिनिटांत बाहेर आला. हे त्याने मला स्वतः सांगितलं, तेव्हा अंगात ताप होता.

त्या काळी एड्सच्या बातम्या नुकत्याच छापून येऊ लागल्या होत्या. दत्तारामने एक वाचली आणि पुढे दुसरं काही वाचलंच नाही. घसा दुखायला लागला, रात्री घाम फुटायचा. दाढीच्या आरशात तो जीभ बघायचा. मानेच्या गाठी दाबून बघायचा, अगदी परेडमध्ये 'विश्राम' मिळाला तरी. वजन खरंच उतरलं होतं, कारण जेवण सुटलं होतं.

आमच्या आर.एम.ओ., म्हणजे पलटणीच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी त्याला नीट तपासलं.

"गाठी दाबतोस म्हणून दुखतात. निरोध होता ना?"

"होता, साब."

"मग धोका नसल्यातच जमा. तरी रक्त पुण्याला पाठवतो."

रिपोर्ट नॉर्मल आला. दत्तारामने सॅल्यूट केला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "हवालदारसाब, बाटल्या बदलल्या तर नसतील?"

ह्या अवस्थेत आम्ही रजेवर आलो. मी गुहागरला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुमन पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"भावजी, ह्यांना काय झालंय? ताट वेगळं ठेवलंय. निजायला पडवीत. पोरगी जवळ गेली की उठून जातात. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

मी म्हणालो, "तुझं काही चुकलेलं नाही." दत्ताराम मागे सुपारीच्या बागेत बसला होता, मानेला हात लावून.

रजा संपली तेव्हा दोघे माझ्या घरी सावर्ड्याला आले. जेवून आम्ही जीपने चिपळूणला निघालो. तिथून मुंबईची एस.टी. पकडायची होती. हायवेच्या वळणावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक समोरून अंगावर आला. मला खरचटलं. दत्तारामला काहीच झालं नाही. गणपतची मांडी चेचली होती. मी बेल्ट काढून वर आवळला. रक्त वाहणं कमी झालं, थांबलं नाही. एका टेम्पोतून त्याला जवळच्या लहानशा दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गणपतच्या गळ्यातली लष्करी ओळखीची डिस्क पाहिली. ओ निगेटिव्ह.

"हे रक्त इथे नाही. रत्नागिरीहून आणायला माणूस पाठवतो. तोवर कोणी आहे का?"

माझा ग्रुप बी. दत्ताराम ओ निगेटिव्ह होता. कंपनीत ह्या ग्रुपचे ते दोघेच होते. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला होता.

"दत्ताराम, पुढे हो."

"माझं नको, साब."

"रिपोर्ट नॉर्मल आहे. हा हुकूम आहे."

"माझं रक्त विष आहे. मी त्याला मारणार नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालंय ह्यांना?"

"एड्स," दत्ताराम म्हणाला.

डॉक्टर मागे सरले. मी सांगितलं, तपासणी झाली आहे, काही निघालेलं नाही. ते म्हणाले, "रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट युनिटमध्ये होता, सिक्कीमला. त्यांनी सुई खाली ठेवली. त्यांना मी दोष देत नाही.

रत्नागिरीची बाटली यायच्या आधी गणपत गेला.

युनिटला परतल्यावर दत्तारामचं रक्त पुन्हा तपासलं. नॉर्मल. ह्या वेळी त्याने बाटल्यांचं विचारलं नाही. त्याचा ताप गेला, घसा बरा झाला. आरशात बघणं इतकं सुटलं, की दाढीसाठी त्याला हाक मारून उठवावं लागे. पुढे डिस्चार्ज घेऊन तो घरी आला. सुमनने माहेर धरलं नाही, पण पडवीतलं अंथरूण पडवीतच राहिलं. काही वर्षांनी न्यूमोनियाने गेला. औषध आणलेलं होतं. सुमन म्हणाली, त्यांनी घेतलं नाही.

गणपत रजेवर असताना गेला, म्हणून युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. वजन वाहण्यात त्याचा हात धरणारा प्लाटूनमध्ये कोणी नव्हता. मोर्टारची बेसप्लेट स्वतःच्या पाठीवर, वर दमलेल्याची रायफल खांद्याला. चढावर तो मागच्याला शिव्या द्यायचा आणि वरून हातही तोच द्यायचा.

दाभोळला त्याच्या घरी मी गेलो होतो. त्याच्या बायकोने एकच विचारलं. "शेवटी काय बोलले?"

मी तिला खरं ते सांगितलं. गणपतने डोळे उघडून विचारलं होतं, "दत्ताराम कुठाय? त्याला लागलं तर नाय ना?"

दत्ताराम तेव्हा त्याच खोलीत होता. त्याने ते ऐकलं होतं.