मामाची गोष्ट तळ्यापाशी थांबली

मामाचा आवाज लकव्याने आधीच नेला होता. आज सकाळी मामा पण गेला.

सगळे म्हणतात, सुटला. मला या शब्दाचा राग येतो. ज्याला जन्मात कधी हळू बोलता आलं नाही, तो भंडाऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये गप्प पडून होता. यात सुटणं काय आहे?

ज्यांनी त्याला ऐकलं नाही, त्यांच्यासाठी लिहिते.

चैतात आंबागडच्या किल्ल्याखाली आम्ही सगळे मोहफुलं वेचायला जायचो. प्रत्येक जण वेगळ्या झाडाखाली. मामा वेचता वेचता गोष्ट गायचा, खड्या आवाजात. अस्वल दूर राहावं आणि माणसं जवळ, म्हणून.

प्रत्येक ओळीला आपापल्या झाडाखालून ओरडून होकार द्यायचा, "हाव जी!"

एकाचा जरी 'हाव' आला नाही, तरी गोष्ट तिथेच बंद.

लहानपणी एकदा मी टेंभरं खायच्या नादात लांब गेले. गोष्ट थांबली. मग अख्ख्या रानात मामाचा आवाज,

"कुठी हायेस वं माय? हाव म्हण ना! मोह उभा हाये तुयासाठी!"

मी रडत 'हाव' म्हटलं. तो रागावला नाही. पुढची ओळ उचलली फक्त.

तो मोह म्हणजे त्याच्या गोष्टीतलं म्हातारं झाड. उन्हाळ्यात तहान लागते म्हणून मुळं उचलून, पाखरांसकट, गावच्या तळ्याकडे निघतं.

मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, ऐकू येत असेल.

काय बोलणार? मी गायला लागले. बेसूर. नर्स म्हणाली, "ताई, हळू."

"मोह निंघाला जी, तळ्याच्या वाटेनं..."

मामाचे ओठ हलले. देवाशपथ हलले.

"मोह थकला जी, बांधावर टेकला..."

पापणी हलली. मी तेवढ्यावरही भागवलं.

"तळं दिसलं का जी?"

काहीच नाही.

परत गायले. परत. शेवटी मामीने माझा हात धरला. "राहू दे वं बाई. थकले असन ते."

मी थांबले. ज्याचा 'हाव' आला नाही, त्याला मागे ठेवून गोष्ट पुढे नेत नाहीत. त्यानेच शिकवलंय.

शेवट मला पाठ आहे. झाड पोटभर पाणी पितं. पण आज स्मशानघाटावरही तो माझ्या तोंडून निघाला नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला बसले होते. तेही होत नाहीये.

कुठी हायेस मामा?

हाव म्हण ना.