एवढं घे गं

कॉकटेल पोपटाचं पिल्लू दिसायला अगदी भिकार असतं, हे आधीच सांगून टाकते. लोक मोबाइलवर पिवळ्या तुऱ्याचा, लाल गालांचा ऐटबाज पोपट बघतात आणि "अय्या, कित्ती गोड" करतात. आमच्या घरी आलं ते म्हणजे अर्धवट सोललेलं कणीस. अंगभर काटेरी पिसं, पुढे आलेलं पोट, आणि भूक लागली की अशी खरखर की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "मिक्सर बिघडलाय का गं तुमचा?"

ते दिलं माझ्या ऑफिसातल्या एका बाईनं. मूळची घणसोली गावातली, स्वतःच्या घराची मालकीण. खालच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या आणि गच्चीवर पक्ष्यांचे पिंजरे. तिच्याकडच्या एका जोडीनं शेवटच्या पिल्लाला भरवायचं सोडून दिलं होतं. "बाबांना दे तुज्या," ती म्हणाली. "हाताला काम लागंल त्यांच्या. नुसते भितीकडं बगत बसतात म्हनतेस ना?"

बसत होते, खरंच. आई गेल्यापासून आमच्या नेरूळच्या घरात आम्ही दोघंच. मी सकाळी बेलापूरला ऑफिसला जायची, संध्याकाळी यायची, आणि बाबा सकाळी जिथे सोडले तिथेच असायचे. मी चिडायची, ओरडायची, "बाबा, निदान खाली चक्कर तरी मारा हो." ते "हो" म्हणायचे आणि बसून राहायचे.

पण पिशवीतून मी ती बिनसुईची सिरिंज काढली आणि बाबा उठून उभे राहिले. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. पिल्लांच्या खाण्याची पावडर कोमट पाण्यात कालवली, गुठळ्या मोडल्या, थेंबभर मनगटावर टाकून बघितला. पिल्लाचं डोकं दोन बोटांत धरलं आणि हळूहळू दट्ट्या दाबला. गळ्याखालची पोटली फुगली तसे थांबले. चेहरा वाचून मला कळलं की हात चालतोय तो पिल्लासाठी, पण डोळे दुसरीकडेच आहेत.

आईला पक्षाघात झाला होता. शेवटचं जवळजवळ वर्षभर तिच्या नाकातून नळी होती आणि तिचं सगळं बाबा करायचे. मुगाचं पाणी, गाळलेली पेज, भाज्यांचं सूप, सगळं अशाच सिरिंजनं. तिला बोलता यायचं नाही. डावा हात उचलून ती तोंडाशी न्यायची. तोंडानं द्या, म्हणायची. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, फुप्फुसात जाईल म्हणून. चहात खारी बुडवून खाल्ल्याशिवाय जिचा दिवस उजाडायचा नाही, ती बाई वर्षभर जिभेवर काही न ठेवता राहिली. आणि बाबा प्रत्येक वेळी दट्ट्या दाबताना म्हणायचे, "अगं, एवढं घे. झालंच."

दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी मटार सोलत होते आणि बाहेरून ऐकू आलं, "अगं, एवढं घे गं. झालंच."

बाहेर येऊन बघते तर पिल्लू आणि बाबा.

"बाबा, तो नर असेल बहुतेक," मी हसत म्हटलं. हसू काही नीट आलं नाही.

"असू दे," ते म्हणाले.

बाबांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्या घरात "अगं" हेच आईचं नाव होतं. मला ते "अगं" कधी म्हणत नाहीत, मला "ए" म्हणतात. त्यामुळे आता दिवसातून चार-पाच वेळा घरात आईला हाक ऐकू यायला लागली. मी हातातलं टाकून वळायची आणि मग स्वतःवरच वैतागायची.

पिल्लाला पिसं आली, तुरा आला, ते खुर्चीच्या पाठीवर उडून बसायला लागलं. ऑफिसातली बाई म्हणाली, आता वाटी ठेव. भिजवलेले कांगणीचे दाणे, मऊ भात, किसलेलं गाजर. सिरिंज हळूहळू कमी कर. "लवकर सोडव गो बाय," ती म्हणाली. "मोटं झालं का पिल्लू सिरिंजला झटापट करतं. मग खाना नको तिकडं जातं नि मरतं."

मी बाबांना तसंच्या तसं सांगितलं. ते मान डोलावत होते. वाटी ठेवली. पिल्लू आलं, वाटीच्या काठावर चढलं, भातात पाय बुडवले, मान तिरकी करून एका डोळ्यानं बघितलं, आणि निघून गेलं.

असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी मी चपला काढता काढता विचारलं, "खाल्लं का आज काही?" आणि बाबा म्हणाले, "अजून शिवत नाही."

"शिवत नाही काय, बाबा? खात नाही म्हणा ना."

"तेच ते."

तेच ते कसं असेल? आपल्याकडे भातासमोर बसलेल्या एकाच पक्ष्याला हा शब्द लावतात. मी आत गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

आईच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. दहाव्याला खाडीकाठी आम्ही उन्हात तिष्ठत बसलो होतो. भिंतीवर कावळा होता. तो उतरायचा, पिंडाशी यायचा, मान तिरकी करायचा आणि परत भिंतीवर. मग रीतीप्रमाणे सगळे त्याला वचनं द्यायला लागले. माझं लग्न लावून देण्याचं वचन तर तिथे तिघांनी दिलं, मला न विचारता, या वयात. आत्या बाबांना म्हणाली, "दादा, काय राहिलं असेल रे तिचं?" बाबा उठले, कुठूनतरी कपभर चहा आणि खारी घेऊन आले आणि पिंडाशेजारी ठेवली. तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला आणि म्हणाले, "चला, झालं. शास्त्रात सोय आहे."

माझा या थोतांडावर विश्वास नाही. मी तेव्हाही आत्याला म्हटलं होतं, पलीकडे दिवाळे गावच्या जेट्टीवर ताज्या मासळीची चंगळ असताना तो कावळा तुमच्या कोरड्या भाताला कशाला तोंड लावेल? आत्यानं मला गप्प केलं. बाबांनी ऐकलं की नाही, देव जाणे. परतताना ते एवढंच म्हणाले, "उपाशी गेली."

आणि आता ते वाटीसमोर बसून पिल्लाला वचनं देत होते. मी आतून ऐकायची. "पोरीचं मी बघतो. तुझ्या भावाशी बोलतो, भांडण मिटवतो. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतो, बस?" मध्ये मध्ये थांबायचे, जणू समोरून उत्तर येतंय. मला बाबांची भीती वाटायला लागली. खरं सांगायचं तर बाबांची नाही, त्या थांबण्याची वाटायची. मीसुद्धा श्वास रोखून ऐकायची, आणि कान देऊन ऐकतेय म्हणून स्वतःला शिव्या घालायची.

पिल्लू मात्र वाटीला तोंड लावेना. उपाशी ठेवूनही खात नाही, म्हणजे आजारी तर नसेल? ऑफिसातल्या बाईला विचारलं तर ती वैतागली. "भूक लागल्यावर कोन खात नाय गो? प्वाट भरलेलं असंल त्याचं. बग जरा."

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दुपारीच घरी आले. दार लॅचकीनं उघडलं. भाताची वाटी टीव्हीमागे सरकवून ठेवलेली, बाबांच्या मांडीवर पिल्लू आणि हातात भरलेली सिरिंज. पिल्लाची पोटली आधीच टम्म फुगलेली, तरी ते दाबतच होते. पिल्लू मान झटकत होतं.

"बाबा! अहो काय करताय हे? जीव घ्याल त्याचा! रोज तुम्ही मला सांगता खात नाही, खात नाही, आणि माझ्या मागे हे चालू असतं?" मी अशी ओरडले की पिल्लू दचकलं, उसळलं, आणि त्याच्या नाकपुड्यांतून कालवलेली पावडर बाहेर आली. ते शिंकलं. मग चोच उघडी टाकून श्वास ओढायला लागलं. त्याच्या छातीतून घर्रर घर्रर आवाज येत होता.

तो आवाज आम्हा दोघांनाही माहीत होता. शेवटच्या आठवड्यात आईच्या छातीतून असाच यायचा.

बाबांच्या हातातून सिरिंज गळून पडली. त्यांनी पिल्लाला पदरात घ्यावं तसं बनियनच्या घोळात घेतलं, त्याचं नाक पुसलं, आणि रडायलाच लागले. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं.

"शिवलं तर ती जाईल ना गं," ते म्हणाले. "म्हणून भरवत होतो."

इतके दिवस मला वाटत होतं, बाबांना तिला वाटीवर आणायचंय, तिची सुटका करायचीय. आणि हा माणूस तर रोज पोट भरून, वाटी लपवून, तिला घरात अडवून ठेवत होता. वचनं तेवढी तोंडानं देत होता.

"बाबा," मी म्हटलं, "हे मरेल हो असं."

"कळतंय," ते म्हणाले.

पिल्लाचा श्वास हळूहळू खाली बसला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, आणि सिरिंज स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकली. वाटी जमिनीवर ठेवून समोर मांडी घालून बसले, तो वाईट गुडघा तसाच दुमडून. पिल्लानं आकांत मांडला. त्यांच्या बोटांकडे धावायचं, सदरा ओढायचं, खरखर करून घर डोक्यावर घ्यायचं. मला ऐकवेना. मी म्हटलं, "बाबा, आजच्या दिवस थोडी पावडर देऊ या का?" ते नाही म्हणाले.

ऊन गॅलरीतून आत आलं तरी ते तसेच बसून होते. मग खूप हळू, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "अगं, माझं बघत बसू नकोस. जेवतो मी. जा तू."

पिल्लू वाटीशी गेलं. मान तिरकी केली. एक दाणा उचलला, टाकला, परत उचलला. कट्, असा बारीक आवाज आला.

बाबांनी हात जोडले. भिंतीचा आधार घेऊन उठले आणि मागे वळूनही न बघता आत गेले. बाथरूममध्ये बादलीत पाणी पडायला लागलं. दुसऱ्यांदा आंघोळ करत होते.

पिल्लू खात होतं. दाण्यामागून दाणा, भराभर, सालं उडवत. आणि ही मी, जी याला थोतांड म्हणते, तिनं वाटी ओढून घ्यायला हात पुढे केला. पिल्लानं माझ्या बोटाला कचकन चोच मारली आणि परत खायला लागलं.