मोगऱ्याची पुडी

बाळांच्या त्या वॉर्डात मला सगळ्यात आधी काय खटकलं असेल, तर तिथं कुणी रडत नव्हतं. माझं आयुष्य पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात गेलं. जूनमध्ये चाळीस पोरं एकदम भोकाड पसरतात तेव्हा काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. आणि इथं काचेच्या पेट्यांत ओळीनं बाळं ठेवलेली, आणि आवाज काय तो यंत्रांचा. दारातल्या छोट्या काचेतून मी नातवाकडं पाहायचे. तळहाताएवढं तोंड, त्यातून घशात गेलेली नळी, आणि पोट भात्यासारखं वरखाली होतंय. ते त्याचं त्याचं हलत नाही, यंत्र हलवतंय, हे मला सिस्टरनं नंतर सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

तो माझ्या एकुलत्या एका लेकीचा मुलगा. तिला आम्ही मंगळवेढ्याला दिलेली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली तरी दिवस राहिले नव्हते, आणि राहिले तेव्हा पोरगी पस्तिशीपार गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ओटी भरून मी तिला सोलापूरला घेऊन आले. बाळंतविड्याची झबली-टोपडी मात्र आणली नव्हती. आमच्याकडं बाळ हाती येईपर्यंत बाळासाठी सुईदोरासुद्धा घेत नाहीत. आठवडाही गेला नसेल, एका सकाळी ती म्हणाली, "अव्वा, डोकं फुटायला लागलंय. डोळ्यांपुढं काजवे चमकतायत." तोंड सुजून गोल झालेलं. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. आसपासच्या तालुक्यांतल्या अवघडलेल्या बायका शेवटी त्यांच्याकडंच येतात, त्यामुळं गोड बोलायला त्यांना सवड नसावी. "बीपी फार चढलंय. आता थांबलो तर झटके येतील, आई जाईल. बाळ काढावं लागेल. बाळ फार लवकर येतंय, पण दोघांसाठी प्रयत्न करू." प्रयत्न हा शब्द मी वर्षानुवर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहीत आले. नापास होणाऱ्याच्या नावापुढंच तो लिहितात. मला त्या बाईचा इतका राग आला की मी सहीसुद्धा जोर देऊन केली, कागद फाटला.

लेकीला वर अतिदक्षता विभागात ठेवलं आणि नातवाला खाली पेटीत. मी मधल्या मजल्यावरच्या बाकड्यावर. जावई मंगळवेढ्याहून धावत आले. शेतात उभा राहिला तर दहा गड्यांना हुकूम सोडणारा माणूस, इथं मात्र वॉचमनलाही अहो-जाहो करत होता. त्यांच्या आईनं काळा दोरा मंतरून दिलेला, तो पेटीत ठेवायचा म्हणून ते सिस्टरच्या मागं लागले. "पेटीत काहीही जाणार नाही," सिस्टर म्हणाली. बिचाऱ्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि दोरा माझ्या बाकड्याच्या पायाला बांधला. निदान बाकड्याला तरी कुणाची दृष्ट लागणार नाही, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. त्या दिवसांतलं तेवढंच हसणं मला आठवतं.

त्याच बाकड्यावर अक्का बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही, मी अक्का म्हणायचे आणि त्या मला बाई. तेलुगू घरातल्या, माझ्याच वयाच्या. त्यांचे मालक यंत्रमागावर कामाला होते तोवर शहरात राहायच्या, आता शहराबाहेर कुंभारीच्या घरकुलात. जन्मभर विड्या वळलेल्या, त्यामुळं बोटं रिकामी राहायची नाहीत. बोलताना, डुलकी घेताना, हातात पान नसताना अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायचे. त्यांचीही लेक पहिलटकरीण, तिचीही मुलगी आमच्या आदल्या दिवशी अशीच अवेळी आलेली. दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी. सकाळी आत डोकावून आले की आमचं एकच बोलणं.

"बाई, तुमचं रडलं का?"

"नाही. तुमचं?"

"आमचं बी न्हाय. घशात नळी हाय की, कसं रडंल?"

आणि मग आम्ही चहा प्यायचो. दोघींनी मनाशी धरलं होतं की बाळ रडलं म्हणजे सुटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाकड्यापाशीच उभ्या राहून माझ्याशी बोलल्या. "श्वास बरा आहे. आता पोटात थेंब थेंब दूध घालायला सुरुवात करायची. पण आतडी फार कच्ची आहेत. पावडरचं दूध सोसलं नाही तर आतडं सडतं. आईचंच दूध हवं."

"आई वर बेशुद्धीत आहे हो."

"माहीत आहे. तिला दूध उतरायला वेळ लागेल. तोवर दुसऱ्या आयांनी दिलेलं चालतं, आपल्याकडं दूधपेढी आहे. पण सध्या फ्रीज रिकामा आहे. उन्हाळ्यात देणाऱ्या बायका कमी असतात. तोवर सलाइनवर ठेवू, पण फार दिवस नाही ठेवता येणार." अक्का शेजारीच होत्या. बोटं फिरत होती. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

मग ती सकाळ आली. सिस्टरनं अक्कांच्या जावयाला आत बोलावलं, आणि ज्या पद्धतीनं बोलावलं त्यावरून मी समजले. थोड्या वेळानं तो बाहेर आला तेव्हा हातात पांढऱ्या कापडातलं छोटंसं गाठोडं होतं. इतक्या लहान जिवाला त्यांच्यातही मातीच देतात. पुरुषमाणसं गेली. अक्का रडल्या नाहीत. त्या जिना चढून वर लेकीकडं गेल्या. मी काचेपाशी गेले तर आमच्या शेजारची पेटी एक बाई औषधाच्या पाण्यानं पुसत होती. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की आमचं आहे. आमचं अजून आहे.

दुपारी अक्का खाली आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या.

"बाई, एक काम करा की. गेटवर फूलवाली बसती. मोगऱ्याचे गजरे आणा, चांगले दाट. मला पोरीला सोडून जाता येईना."

"गजरे? आत्ता?" मी विचारलं.

"दूध आलंय तिला," त्या म्हणाल्या. "छाती दगड झालीया. ताप चढलाय. दुधाला कुटं कळतंय, बाळ हाय का न्हाय ते."

आमच्या कानडी घरांतही हे करतात. अंगावरचं दूध आटवायचं असेल तर मोगऱ्याचे गजरे छातीवर ठेवायचे आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळायची. या लेकीला अंगावरून तोडली तेव्हा माझ्या आईनं मला असंच बांधलं होतं. आता डॉक्टर गोळी देतात म्हणे. गोळीनं आटतं की फुलांनी, मला ठाऊक नाही, पण आमच्या बायकांचा भरवसा फुलांवर.

मी उन्हात खाली गेले. फूलवालीनं ओल्या फडक्याखालून गजरे काढले, पळसाच्या पानात गुंडाळून पुडी बांधून दिली. जिना चढायला लागले आणि अर्ध्यात माझे पाय थांबले. वास असा दरवळत होता की औषधांचा वाससुद्धा मागं पडला, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खाली माझा नातू दुधाच्या थेंबासाठी खोळंबलाय, वर एका पोरीची छाती दुधानं तटतटलीय, आणि मी हातात घेऊन चाललेय ती तेच दूध आटवायची फुलं.

मागावं का? कुठल्या तोंडानं मागावं? जिचं मूल सकाळी मातीत गेलं तिच्यापुढं दुपारी वाटी घेऊन उभं राहायचं? आणि नाही मागितलं आणि पोराचं काही झालं, तर वर निजलेल्या लेकीला काय सांगू, की मला लाज वाटली? मी जिन्यात उभी राहून देवावर चिडले, डॉक्टरीणबाईंवर चिडले, त्या वास मारणाऱ्या फुलांवर चिडले. लोक मला धक्के मारून जात होते. शेवटी मी ठरवलं की मागायचं नाही. कुणाच्या दुःखात हात घालून आपली ओंजळ भरायची नाही, एवढं तरी आपल्याला कळायला पाहिजे. वर जाऊन पुडी अक्कांच्या हातात दिली. 

त्यांनी पुडी घेतली, उठल्या, आणि थांबल्या.

"तुमच्या लेकीला दूध उतरलं का?"

उतरलं म्हणावं असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हणजे सगळंच मिटलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

 अक्कांची फिरणारी बोटं पहिल्यांदाच थांबलेली मी पाहिली. त्या पुडी घेऊन वर लेकीकडं गेल्या. मी बाकड्यावर बसून राहिले आणि मला रडू फुटलं. लेकीच्या ऑपरेशनलाही मी रडले नव्हते.

बऱ्याच वेळानं त्या खाली आल्या. पुडी तशीच, दोरासुद्धा सुटला नव्हता.

"ती म्हणती, फुलं आत्ता नको," अक्का म्हणाल्या. "मी सांगितलं तिला. तिनं विचारलं, माझ्या बाळाच्या शेजारचं ना ते? मी म्हटलं, व्हय. तर म्हणती, सिस्टरला बोलव."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला खसकन वर ओढलं. "काय बाई तुमी! पाया काय पडताय? मी कुटं दिलंय? तिचं हाय ते." आणि मग त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, सकाळपासूनचं सगळं.

ते दूध लगेच माझ्या नातवाला मिळालं, असं काही झालं नाही. सिस्टरनं समजावून सांगितलं की आधी पोरीचं रक्त तपासायचं, मग दूध तापवायचं, पुन्हा तपासायचं, आणि फ्रीजमध्ये ते इतरांच्या दुधात मिसळणार. कुणाचं कुणाला गेलं हे विचारायचं नाही. मी जरा नाराज झाले. मास्तरीण ना मी, हिशोब चोख लागतो मला. पण जेव्हा सिस्टरनं बारीक नळीतून पहिले थेंब सोडले आणि ते त्याच्या पोटात राहिले, उलटले नाहीत, तेव्हा माझी सगळी नाराजी पळाली. त्या वॉर्डातली आणखीही पोरं त्या फ्रीजवर होती.

अक्कांची पोरगी रोज दूध काढायच्या खोलीत येऊन बसायची. केस विंचरलेले नसायचे, हातात बाळाला घालायची एक पिवळी टोपी असायची. लेक अतिदक्षतेतून बाहेर आल्यावर तिलाही सिस्टर त्याच खोलीत बसवायची. लेकीच्या बाटलीत बूडसुद्धा ओलं व्हायचं नाही आणि हिची भरून जायची. लेक ओशाळून रडायची. एकदा मी दारातून ऐकलं, ती पोरगी म्हणत होती, "ताई, रडू नका. रडल्यावर येत न्हाय. टोपी धरा हातात, बाळाची समजून. मी तसंच करते." आणि तिनं ती पिवळी टोपी माझ्या लेकीच्या हातात दिली. हळूहळू लेकीलाही दूध सुटलं. आधी चमचाभर, मग वाटीभर.

पुढं नातू घरी आला, पाळणा झाला, सगळं रीतसर झालं. माझ्या मनातून मात्र ती पोरगी घरी गेली तो दिवस जात नाही. टाके काढले होते, पिशव्या बांधून झाल्या होत्या. मी निरोप द्यायला गेले तर तीच म्हणाली, "बाई, आता फुलं आणा."

मी खाली जाऊन दाट गजरे आणले. अक्कांनी पट्टी हातात घेतली, पण त्यांच्यानं होईना. जन्मभर एका चुटकीत विडी बांधणाऱ्या बाईला ती गाठ बसेना. मी म्हटलं, द्या इकडं. पडदा ओढला. माझ्या आईनं मला जसं बांधलं होतं तसं, आधी फुलं पसरली, मग पट्टीचा पहिला वेढा दिला. फुलं लागताच दूध आलं आणि पाकळ्या भिजल्या. ती समोर भिंतीकडं बघत होती.

"बाई, शेजारचं बाळ रडतं का आता?"

आदल्या संध्याकाळीच त्याच्या घशातली नळी काढली होती. मी काचेला कान लावून उभी होते.

"रडतं," मी म्हटलं.

"मोठ्यानं?"

"लई मोठ्यानं."

 तिच्या मुलीचा आवाज तिनं एकदाही ऐकला नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. मग तिनं दोन्ही हात वर केले.

"मग बांधा घट्ट," ती म्हणाली, आणि मी बांधलं.