शिक्का पडलेलं आसन

सत्त्याऐंशी साली नरडाण्याच्या फलाटावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जळगावच्या पॅसेंजरमध्ये बसवलं. "पोर, घाबरू नको. दम लांब लेजो," एवढंच म्हणून त्यांनी लांब श्वास घेऊन दाखवला. डब्यातल्या बाया हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हा गावी राहिलेल्यांना आठवत असेल, रोज पहाटे खळ्यात डोक्यावर उभे राहणारे नाना आपल्या गावात एकटेच. लोक मुद्दाम त्या वाटेनं जायचे. खरं सांगते, मला त्या खळ्यापासून लांब जायचंच होतं.

जळगावात मुलींच्या शाळेत शिक्षिकेच्या मुलाखतीला आम्ही दोघी उरलो होतो. मोठ्या बाईंनी विचारलं, योगासनं येतात का? दुसरी नाही म्हणाली, मी हो म्हटलं. येत काही नव्हतं, नुसतं पाहिलेलं होतं. नोकरी एका वर्षाची. कायम होणं योगाच्या तासाच्या तपासणीवर. परत गेले असते तर महिन्यात बोहल्यावर चढवलं असतं. तेव्हा लाज गिळून मी नानांनाच पत्र टाकलं: योग शिकवा, आणि लवकर शिकवा.

लवकर हा शब्द नानांना माहीत नव्हता. पहिल्या पोस्टकार्डात त्यांनी लिहिलं की योग ऋषिमुनींपासून चालत आलाय, त्याला आठ अंगं आहेत आणि आसन त्यातलं तिसरं. आधी यम: हिंसा नको, खोटं नको, चोरी नको, हाव नको. दुसऱ्या कार्डात नियम: स्वच्छता, समाधान आणि बाकीचे. महिनाभर माझ्या वर्गात एकीचाही गुडघा वाकला नाही. मात्र खडू चोरीला जायचे थांबले आणि डब्यातल्या शेवभाजीवरून होणारी भांडणंही. आसनं कधी, असं मोठ्या बाई विचारायच्या. मी म्हणायचे, पाया भरतेय.

मग आसनांची कार्डं आली. मजकूर लिहून जागा उरायची नाही, म्हणून नाना पत्त्याच्या बाजूला कोपऱ्यात माणूस काढायचे. वाटोळं डोकं आणि काड्यांचे हातपाय. ताडासन, वज्रासन, भुजंगासन नीट पार पडली. पुढच्या कार्डावर मात्र टपालाचा शिक्का नेमका माणसाच्या पायांवर बसला. एक पाय दिसत होता, दुसरा शाईखाली गडप. तपासणी चार दिवसांवर. मी अंदाजानं तो पाय मानेकडे वळवला. मुली बिचाऱ्या तसं करायच्या आणि हळूहळू कुशीवर कलंडायच्या.

तपासणीचे साहेब नेमके स्वतः योग करणारे निघाले. चाळीस मुली एकदम कलंडल्या तसे ते खुर्चीतून उठले. हे कोणतं आसन, त्यांनी विचारलं. एखादं नाव ठोकून देता आलं असतं, पण चाळीस जणी आडव्या पडून माझ्याकडेच बघत होत्या, आणि खोटं बोलू नये हे त्यांना मीच शिकवलं होतं.

"साहेब, माहीत नाही," मी म्हणाले. "पायावर शिक्का पडलाय."

मग मुलाखतीतलं खोटंही सांगून टाकलं आणि पर्समधली कार्डं पुढे केली. साहेबांनी ती उभ्यानंच वाचली, सगळी. शेरा लिहिला: यम-नियम उत्तम, आसने वडिलांकडून दुरुस्त करून घ्यावीत. मी कायम झाले.

आणि गावी पाहुणी झाले. आसनं येऊ लागली तसं विचारायला काही उरेना, नानांची कार्डं विरळ झाली. मला करमेना. मग मी पुन्हा खोटं लिहायला लागले. नाना, हलासनात मान दुखते. नाना, श्वास पुरत नाही. आठवड्यात कार्ड हजर, काड्यांच्या माणसासकट. असं पाच-सहा वर्षं चाललं.

आता जळगावात माझा फ्लॅट आहे, गॅस आहे, फोन आहे, नाना नाहीत. माझ्यासारखे बाहेर पडलेले भेटले की विचारतात, तुझं घर आता कोणतं? घर म्हणून मला खळंही आठवत नाही आणि फ्लॅटही. नानांचं शेवटचं कार्ड आठवतं. त्यावर माणूस काढलेला नव्हता, दोनच ओळी होत्या.

"तुनी मान दुखत नही, माले पहिलेपासून माहीत शे. पन लिखत ऱ्हाय."