लेस्टरच्या बाळंतपणाचं अपील

टूलरूममधले किस्से लेथखालच्या लोखंडी किसासारखे असतात. रोज झाडले तरी उद्या तेवढेच साठतात. माझ्या बायकोच्या, शालिनीच्या, व्हिसाचे तर आमच्या खात्यात अजून निघतात. ती वारली त्याला वर्ष झालं. तरी माझ्यासमोर ते सांगायला कोणी बिचकत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

नकाराचं पत्र आलं तो साधा मंगळवार होता. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मी पिंपरीत भाजी घेतली, घरी आलो. शालिनी तांदूळ निवडत होती. आमची मुलगी विजू इंग्लंडात, लेस्टरला, पाचवा महिना चालू. तिला माहेरी येणं जमणार नव्हतं, म्हणून माहेरच तिकडे जाणार होतं. पत्रात होतं : उत्पन्नाचा पुरावा संशयास्पद.

*

संशय आमच्या भिशीमुळे. टूलरूममधले बारा जण दरमहा सारखे पैसे जमा करायचो, पाळीपाळीनं एकाला सगळे मिळायचे. माझा नंबर लांब होता. पण भिशी चालवणारे फिटर शेखभाई म्हणाले, "पासबुक रिकामं दिसलं तर व्हिसाचा साहेब वहिनींना सोडेल का?" त्यांनी माझा नंबर आधी लावला.

मुंबईला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, ही एकदम आलेली रक्कम कुठली? मी भिशी समजावून सांगितली. इतकी नीट सांगितली की साहेबांना ती खरंच समजली, आणि पैसे माझ्या एकट्याचे नाहीत हेही.

*

अपिलाचे कागद दापोडीच्या कांबळ्यांनी केले. ते आमचे टाइमकीपर, अक्षर छापल्यासारखं. पगार तेव्हा रोख मिळायचा, पाकिटावर रक्कम लिहिलेली. ती पाकिटं हाच खरा पुरावा. शालिनीनं एकही फेकलं नव्हतं. त्यांत धणे, मोहरी, ओवा भरून ठेवला होता. सगळं डब्यांत ओतलं, पाकिटं सपाट केली. यादी करताना कांबळे थांबले.

"राव, मार्चच्या पगाराला ओव्याचा वास येतोय. तशी नोंद करू?"

*

फोरमनसाहेबांकडे माझ्या नोकरीचा दाखला मागितला. त्यांचा जन्म सुटे भाग तपासण्यात गेलेला. त्यांनी लिहून दिलं, "बारा वर्षं तपासले. मापात आहेत."

*

बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू नकार आल्यावर खात्यानं खाल्ले. अपील केल्यावर शालिनीनं पुन्हा केले. तारीख लांबली, तेही आम्हीच संपवले. शेखभाई म्हणाले, "वहिनी, अजून एक तारीख पडली तर आमचीच बाळंतपणं निभतील."

शेखभाईंच्या घरून एक लोकरी कोट आला होता. सवय व्हावी म्हणून भर चैत्रात दुपारी शालिनी तो घालून ओट्यावर बसायची. लिंबाची पिवळी पानं खांद्यावर पडत. झटकायची नाही. म्हणायची, बर्फ असाच पडत असेल, आवाज न करता.

*

विजूला मुलगी झाली. बाळंतपण आईविना पार पडलं. तीन महिन्यांनी अपील मंजूर झालं. कांबळे आणि शेखभाई घरी आले. कांबळ्यांनी पत्र मराठीत सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. शालिनी उभ्यानं ऐकत होती. शेखभाई विमानाचा वार विचारत होते.

ती म्हणाली, "विजूला कळवा, मी येत नाही."

आणि चहा टाकायला आत गेली. चहा नेहमीसारखाच झाला होता.

त्यानंतर चार वर्षं आम्ही दोघं त्याच घरात होतो. का नाही गेलीस, हे मी तिला विचारलं नाही.