काऱ्याचं मुसकं

मी घर सोडलं तेव्हा आमचा काळा कुत्रा काऱ्या नाल्यापर्यंत माझ्यामागे पळत आला, पण भुंकला नाही. त्याच्या तोंडाला मुसकं होतं. नुकतं फटफटत होतं. बाबांनी सायकलच्या दांडीला पिशवी अडकवली होती, मागे कॅरियरवर मी, माझ्या मांडीवर पत्र्याची पेटी. काऱ्या घशातल्या घशात कण्हल्यासारखा आवाज काढत होता. नाल्याच्या पाण्यापाशी तो थांबला. बाबांनी वळून पाहिलं नाही, म्हणून मीही पाहिलं नाही.

मोठ्या रस्त्यावर जीप मिळाली. ती बदलत बदलत मला ब्रह्मपुरीला मामाकडे जायचं होतं. जीपमध्ये बसवताना बाबा एवढंच म्हणाले, "मी बलावल्याबिगर येऊ नोको." मी आठवीत होतो. मला वाटलं, दिवाळीपर्यंत बोलावतील.

गावाकडे राहिलेल्या तुम्हाला मुसकं म्हणजे काय हे सांगायला नको. पण माझ्यासारखी बरीच पोरं त्या वर्षांत बाहेर पाठवली गेली, आणि आता त्यांची मुलं हैदराबाद-पुण्याच्या शाळांत जातात. त्या मुलांसाठी सांगतो. धान चुरताना, म्हणजे मळणी करताना, बैलानं तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला सुतळीची जाळी बांधतात, ते मुसकं. कुत्र्याला ते कुणी बांधत नाही. आमच्या घरी बांधत.

त्या काळी आमच्या भागात सरकारच नव्हतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. उलट जरा जास्तच सरकारं होती. आधी जंगलखात्याचा गार्ड होता. तो बांबू तोडला म्हणून कोंबडी उचलून न्यायचा. मग बंदुका घेऊन दादालोक, म्हणजे नक्षलवादी, आले आणि गार्ड यायचा बंद झाला. तेंदूपत्त्याला भाव बरा मिळू लागला, हे खोटं कशाला सांगू. भांडणाचा निवाडाही तेच करत, झाडाखाली बसून, आणि त्या निवाड्यावर अपील नसे. कोंबडी वाचली, पण त्यांच्यासाठी भात शिजवावा लागे. मग त्यांच्यामागून पोलीस आले, आणि भात कुणी शिजवला ते विचारू लागले. ज्याच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही, ते सरकार, अशी माझी व्याख्या लहानपणीच तयार झाली होती. पुढे कॉलेजात पुस्तकातली व्याख्या पाठ केली, पण ती काही मनात रुजली नाही.

दादालोकांचा एक हुकूम कुत्र्यांबद्दल होता. ते गावात शिरले की कुत्री भुंकत आणि दूरवर कळे. म्हणून गावात कुत्रं ठेवायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी सांगितलं आणि आम्ही माना हलवल्या. लोकांनी आपापली कुत्री जंगलाकडे नेली आणि एकटेच परत आले. त्या वर्षी रानडुकरांनी धानाची नासाडी केली, कारण त्यांना हुसकायला कुणी उरलं नव्हतं.

बाबांना काऱ्याला न्यायला जमेना. दोनदा दोर बांधून निघाले आणि दोनदा बांधावरून परतले. मग त्यांनी अंगणात बसून सुतळीचं छोटं मुसकं विणलं. जबडा उघडणार नाही इतकं घट्ट, पण श्वास कोंडणार नाही इतकं सैल. दिवेलागणीला बांधायचं, सकाळी सोडायचं. सोडल्यावर काऱ्याच्या नाकावर जिथं सुतळी रुतायची, तिथं माय मोहाच्या बियांचं तेल लावायची. मुसकं दाराजवळच्या खुंटीवर अडकवलेलं असायचं, दिवा-काडीपेटीसारखं हाताशी. दादालोकांच्या म्होरक्यानं ते पाहिलं तेव्हा तो हसला. "हा कुत्रा समजदार हाय," म्हणाला. आम्हीही हसलो. त्याच्याबरोबर हसायचंच असतं.

पण पोलीस दिवसा येत, आणि दिवसा काऱ्याचं तोंड मोकळं असे. तो त्यांच्यावर जीव तोडून भुंकला. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. साऱ्या गावात कुत्रं ते एकच. त्यांनी बाबांना विचारलं, "रात्री येणाऱ्यांवर हा भुंकत नाही, आमच्यावरच कसा भुंकतो?" प्रश्न बिनतोड होता. बाबांना चौकीवर नेलं, आणि ते परतले तेव्हा धड होते, हेच अवघड झालं. आता दादालोकांना प्रश्न पडला, हा मारही न खाता कसा सुटला, काय सांगून आला? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आमचं कुत्रं.

बाबा कुणाच्या बाजूचे हे सिद्ध करायची एक सोपी वाट दादालोकांनी सुचवली. घरातला एक मुलगा त्यांच्याकडे द्यायचा. घरात मुलगा एकच होता. माय तेव्हा चुलीपाशी होती. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "बाबू, तू काई ऐकलं नाई." चार दिवसांत मी सायकलच्या कॅरियरवर होतो. मला मामा पळवून घेऊन गेला, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं आणि मामाला चारचौघांत शिव्या घातल्या. मामानं कधी मनाला लावून घेतलं नाही.

दिवाळी गेली, दहावी गेली, बाबांनी बोलावलं नाही. भेट व्हायची ती मार्कंड्याला, महाशिवरात्रीच्या जत्रेत. गर्दीत कोण कुणाला भेटतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. वैनगंगेच्या वाळूत बसून आम्ही मायनं आणलेल्या भाकरी खायचो आणि पावसापाण्याचं बोलायचो. एका वर्षी माय म्हणाली, "काऱ्या गेला." कसा गेला ते मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत राहिली नव्हती. निघताना मी बाबांच्या तोंडाकडे पाहायचो. ते नदीकडे पाहत म्हणायचे, "शिक."

शिकलो. नागपूर, मग पुणे. आता हिंजवडीला नोकरी, बाराव्या मजल्यावर टू बीएचके. आमच्या सोसायटीत गेटवर ॲप आहे. कोण आलं, कुणाकडे आलं, कधी गेलं, सगळं फोनवर येतं आणि आपण अप्रूव्ह करायचं. पहिल्या वेळी मला घाम फुटला होता. घरी कोण आलं होतं, हे सांगणं जिथं जिवावर बेतायचं, तिथं मी वाढलो. आणि इथं सेक्रेटरी म्हणतात, माहिती नीट भरा. सोसायटीच्या ग्रुपवर भटक्या कुत्र्यांच्या भुंकण्याबद्दल आठवड्याला एक तक्रार असते. मी कधी त्यात पडत नाही. मला त्या आवाजात गाढ झोप लागते. बायको म्हणते, तुझ्या गावाबद्दल विचारलं की तू हवामान सांगतोस. खरं आहे तिचं.

इकडे गावाकडे बदल होत गेला. बरेच दादालोक शरण आले. टॉवर उभा राहिला, नाल्यावर पूल झाला. सूरजागडच्या पहाडीवरून लोहखनिज नेणारे ट्रक मोठ्या रस्त्यानं धावू लागले आणि कडेची झाडं लाल धुळीनं माखली. टीव्हीवर कोण जिंकलं ते सांगत होते. बाबांना मी फोनवर विचारलं, आता येऊ का? ते म्हणायचे, "पाहू." वर्षभर ते पाहतच राहिले. बाहेरून सगळं निवलं तरी त्यांच्या आतलं निवायला वेळ लागत होता. मी रागावलो होतो. वाटायचं, या माणसाला मुलगा नकोच आहे.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला आणि त्यांच्या बोलण्यामागून भुंकणं ऐकू आलं.

"हे काय भुकून राह्यलं?" मी विचारलं.

"कुत्रं पोसलं," बाबा म्हणाले. "लय भुकते."

मी त्याच आठवड्याची रजा टाकली.

आता एसटी गावात जाते. पूल ओलांडला, आणि नाला केव्हा मागे गेला ते कळलंसुद्धा नाही. अंगणात पाय ठेवला तसा एक तांबडा कुत्रा दात काढून अंगावर आला. साऱ्या गावाला ऐकू जाईल असा भुंकत होता. मी जागच्या जागी थिजलो. इतक्या वर्षांनी घरी आलो आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "चूप!" माय लगबगीनं बाहेर आली. मला पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप दाराजवळच्या खुंटीकडे गेला. मुसकं तिथंच होतं, धुरानं काळं पडलेलं.

बाबा बाजेवर बसले होते. ते तिला म्हणाले, "राहू दे. भुकू दे त्याले."

मायनं हात खाली घेतला. मग बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "थो घरचा हाये, तू पाहुना. दोन दिस राय, ओळखन." मला रडू आलं. पायरीवर बसून मी रडलो, आणि कुत्रा भुंकतच राहिला.

त्याचं नाव त्यांनी काऱ्याच ठेवलं आहे, रंग तांबडा असला तरी. संध्याकाळी मी मुसक्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, आता तरी चुलीत घाला. बाबा म्हणाले, "राहू दे खुटीवर. उद्या कोनाचं राज येते, कोनाले ठावं?" मी वाद घातला नाही. पुण्यात असतो तर घातला असता.

मी तिथं परत राहायला जाणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांचंही तसंच असेल. आपल्याच घरी आता पाहुण्यासारखं जायचं. पण निघालो तेव्हा काऱ्या माझा हात चाटत होता, आणि बाबा एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी सुरू झाल्यावर ते खिडकीपाशी येऊन म्हणाले, "येत जाय. बलावनं मी इसरतो."

काऱ्या गाडीमागे पळत पुलापर्यंत आला. सारा रस्ताभर भुंकत.