चाखून पाहिलेली मोटार

मुलांनो, माझ्या लहानपणी रत्नागिरीत एका संस्थानिकाची जुनी, ऐटबाज, वेगवान मोटार विकायला आली. आजारी आईला घाटावर न्यायला ती घ्यावी, असं माझ्या वडिलांच्या मनात होतं. पारखायला त्यांनी रजेवर आलेला एक खलाशी बोलावला. इंजिन ऐकून त्याने मान डोलावली. मग गाडीखाली सरकून ब्रेकच्या सळीवर बोट फिरवलं आणि चक्क चाटलं.

"अरे, मोटार आहे ती, लोणचं नव्हे!" वडील म्हणाले.

"होडी आम्ही अशीच बघतो, वकीलसाहेब. हिला समुद्राकाठच्या पुळणीवर पळवलीय, सळ्या मिठाने खाल्ल्यात. घाट झोकात चढेल. परतताना उतरणं मात्र देवावर."

गाडी परत गेली. आई उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने धक्के खात गेली आणि बरी होऊन आली. त्या खलाशाचं नाव कोणी विचारलंच नाही. मी मात्र गाडी जाण्याआधी त्या सळीवर हळूच बोट फिरवून चाटलं होतं. खारटच होतं.